तटस्थ राहिलेल्या खासदाराला जाब कसा विचारायचा?

११ मे १९९३ रोजी लोकसभेत एका ठरावावर मतदान झालं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करावं, असा तो ठराव होता. बाजूने १९६ मतं पडली. विरोधात एकही पडलं नाही. आणि ठराव फेटाळला गेला.

हे वाचून बहुतेकांना वाटतं की कुठेतरी छापण्यात चूक झाली असावी. चूक नाही. त्या दिवशी सभागृहात आणखी २०५ खासदार हजर होते. ते ‘तटस्थ’ राहिले. त्यांच्या गप्प बसण्यानंच निकाल ठरला, पण ‘तुम्ही त्या न्यायाधीशाला वाचवलंत’ असं त्यांच्यापैकी कुणालाही थेट म्हणता येत नव्हतं, कारण विरोधात मत कुणी दिलंच नव्हतं.

२०२५ मध्ये हा विषय पुन्हा बातम्यांत आला. दिल्लीत न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी निवासस्थानी मार्च महिन्यात आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याचा आरोप झाला. वर्मा यांनी तो नाकारला. ऑगस्टमध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी १४६ खासदारांच्या सह्यांचा ठराव दाखल करून घेतला आणि चौकशी समिती नेमली. तेव्हापासून न्यायाधीश दोषी की निर्दोष यावर पुष्कळ लिहिलं, बोललं गेलं. मला इथे दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचं आहे. असा ठराव सभागृहात येतो तेव्हा आपण निवडून दिलेला माणूस काय करतो, आणि त्यानं जे केलं त्याबद्दल त्याला विचारायचं कसं?

पदावरून काढायचं कसं?

राष्ट्रपतींना मुदतीआधी पदावरून काढण्याच्या कारवाईला राज्यघटनेनं महाभियोग म्हटलं आहे. न्यायाधीशांबाबत घटना ‘पदावरून दूर करणे’ असे शब्द वापरते. वर्तमानपत्रं दोन्हीला महाभियोगच म्हणतात, त्यामुळे मीही तोच शब्द वापरतो.

न्यायाधीशाला काढण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे. लोकसभेच्या निदान १०० किंवा राज्यसभेच्या निदान ५० खासदारांनी सह्या करून ठराव द्यायचा. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती तो दाखल करून घेतील किंवा नाकारतील. घेतला, तर तिघांची समिती बसते: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एखाद्या उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. समितीनं निर्दोष ठरवलं की प्रकरण तिथेच संपतं. दोषी ठरवलं तरच ठराव मतदानाला येतो. पुढे दोन्ही सभागृहांनी एकाच अधिवेशनात तो मंजूर करावा लागतो आणि मग राष्ट्रपती आदेश काढतात.

म्हणजे खासदार बटण दाबायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर वर्तमानपत्रातली वावडी नसते. कायद्यातल्या जाणकार तिघांनी साक्षी-पुरावे तपासून दिलेला लेखी अहवाल असतो. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

न्यायाधीशाच्या वागणुकीवर संसदेत एरवी चर्चाही करता येत नाही, कलम १२१ नं तशी बंदी घातली आहे. अपवाद एकच, पदावरून काढण्याचा ठराव. लोकांच्या प्रतिनिधीला न्यायाधीशाबद्दल काही म्हणायची मुभा मिळते ती एवढ्याच वेळी. त्याच वेळी तो मौन धरत असेल तर ते मौन साधं नसतं.

१९६ विरुद्ध शून्य, तरी हार

मंजुरीला दोन अटी आहेत. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. शिवाय ही बाजूची मतं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त हवीत. गोम या दुसऱ्या अटीत आहे.

शंभर सदनिकांची एक हाउसिंग सोसायटी धरा. सेक्रेटरीनं पैशांत घोळ केल्याचं हिशेबतपासनीसानं लिहून दिलंय. त्याला काढायला याच दोन अटी आहेत असं समजू. सभेला ७४ जण आले. ३६ जणांनी ‘काढा’ म्हणून हात वर केला. ‘काढू नका’ म्हणून एकही हात वर आला नाही. ३८ जण चहा पीत बसून राहिले. मतदान केलेल्यांपैकी तर शंभर टक्के बाजूने आहेत, म्हणजे पहिली अट आरामात पार पडली. पण एकूण सदनिका शंभर, म्हणजे ५१ हात हवे होते. सेक्रेटरी खुर्चीवर कायम. त्या ३८ जणांपैकी कुणालाही सोमवारी लिफ्टमध्ये विचारलं, तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, ‘मी कुठे त्याच्या बाजूने मत दिलं?’

१९९३ च्या लोकसभेतलं प्रमाण जवळजवळ हेच होतं. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक म्हणजे २७३ मतं हवी होती आणि पडली १९६. तटस्थांतल्या ७७ जणांनी ‘हो’ म्हटलं असतं तरी लोकसभेत ठराव मंजूर होत होता.

अशा ठरावावर तटस्थ राहणं, गैरहजर राहणं आणि विरोधात मत देणं यांत दुसऱ्या अटीपुरता काही फरक नाही. तिन्हींचं फळ एक. फरक पडतो तो मतदारसंघात परतल्यावर.

ते दोन दिवस

रामस्वामी १९८७ ते १९८९ पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. चंदीगडच्या सरकारी निवासस्थानातल्या फर्निचरवर आणि इतर गोष्टींवर त्यांनी नियमाबाहेर सरकारी पैसा उधळला, हा मुख्य आरोप. तो बाहेर आला तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. नवव्या लोकसभेतल्या १०८ खासदारांनी सह्या केल्या, अध्यक्ष रबी राय यांनी मार्च १९९१ मध्ये ठराव दाखल करून घेतला आणि पाठोपाठ ती लोकसभाच विसर्जित झाली. लोकसभेबरोबर ठरावही बुडाला का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं सांगितलं, बुडाला नाही.

चौकशी समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. दुसरे सदस्य मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई आणि तिसरे निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. समितीनं चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचं म्हटलं.

१० मे १९९३ ला लोकसभेत चर्चा सुरू झाली. अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील. ठराव मांडला सोमनाथ चटर्जी यांनी. रामस्वामींची बाजू मांडायला वकील म्हणून कपिल सिब्बल उभे होते, सभागृहाच्या कठड्यापाशी, आणि ते तासन् तास बोलले. स्वतंत्र भारताच्या इतिहासात असा प्रसंग पहिल्यांदाच येत होता. कामकाज वाचलं की जाणवतं, दोन्ही बाजूंनी तयारी भरपूर होती. दुसऱ्या दिवशी मतदानाची वेळ आली आणि सत्ताधारी काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे खासदार तटस्थ राहिले. पक्षानं मतदानाचा हुकूम, म्हणजे व्हिप, काढला नव्हता. ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारून मत द्यावं, अशी अधिकृत भूमिका होती. दोनशे पाच मनांनी एकाच वेळी एकच उत्तर दिलं.

हे आपल्याला दूरचं वाटायचं कारण नाही. १९९१ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसनं जिंकल्या होत्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक मतदारांचा खासदार त्या दिवशी तटस्थ राहिलेल्या पक्षाचा होता. चौकशी समितीचा प्रमुख मराठी, सभागृहाचा अध्यक्ष मराठी, आणि तरी मराठी मतदारानं आपल्या खासदाराला ‘तुम्ही त्या दिवशी गप्प का बसलात?’ असं विचारलं नाही. पुढची निवडणूक तीन वर्षांनी आली आणि ती इतर विषयांवर लढली गेली. रामस्वामी फेब्रुवारी १९९४ मध्ये नियमाप्रमाणे निवृत्त झाले.

कुणी काय केलं, हे कळतं का?

कळतं, आणि ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

संसदेत बहुतेक ठराव आवाजी मतदानानं निघतात. ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, हे अध्यक्ष ठरवतात. कुणाचं नाव कुठेच लागत नाही. पण महाभियोगासारख्या ठरावाला विशिष्ट संख्या गाठावी लागते, म्हणून मतं मोजावीच लागतात. घंटा वाजते, लॉबी रिकाम्या करून दारं बंद होतात. प्रत्येक खासदाराच्या बाकावर बटणं असतात, ‘होय’चं हिरवं, ‘नाही’चं लाल आणि तटस्थतेचं पिवळं. यंत्रानं दगा दिला तर त्याच रंगांच्या चिठ्ठ्या भरून देतात. निकाल फलकावर उमटतो आणि पुढे कामकाजाच्या छापील वृत्तांतात नावांच्या याद्या येतात.

पिवळं बटण दाबलेल्याचं नाव अशा प्रकारे कायमचं नोंदलं जातं. दारं बंद व्हायच्या आत बाहेर पडलेल्याचं नाव कोणत्याच यादीत नसतं, पण नसण्यातूनही ते शोधता येतं. माझ्या मते पिवळ्या बटणापेक्षा हा बाहेर पडणारा माणूस जास्त सफाईनं निसटतो. त्याला नंतर सांगता येतं की मी दौऱ्यावर होतो, तब्येत बरी नव्हती, विमान चुकलं.

‘पक्षाचा आदेश होता, तो काय करणार?’

ही सबब सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे, म्हणून ती नीट बघू.

व्हिप म्हणजे पक्षानं आपल्या सदस्यांना दिलेला मतदानाचा लेखी हुकूम. १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची आली, तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. व्हिपच्या विरोधात मत दिलं, किंवा व्हिप असताना तटस्थ राहिलं, तर खासदारकी जाऊ शकते. ‘जाऊ शकते’ म्हणायचं कारण असं की पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं तर काहीही होत नाही. १९९२ च्या किहोतो होलोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला, पण खासदारकी घालवणारा आदेश सरकारवरच्या विश्वासाच्या मतदानापुरता आणि पक्षाच्या मूळ धोरण-कार्यक्रमापुरताच असावा, असंही सांगितलं. व्यवहारात पक्ष साध्यासुध्या विधेयकांवरही व्हिप काढतात, हे आपण पाहतोच.

एका न्यायाधीशानं पैसे खाल्ले की नाही, हा कुठल्या पक्षाचा धोरण-कार्यक्रम असू शकतो? माझ्या समजुतीप्रमाणे नाही. म्हणून या ठरावापुरती ही सबब लंगडी आहे. खासदार व्हिपचं नाव घेत असेल तर त्याला म्हणावं, कागद दाखवा. व्हिप लेखी असतो, तारखेसह असतो. कागद असेल तर जबाबदारी पक्षाच्या नेत्याकडे जाते आणि प्रश्न त्याला विचारता येतो. नसेल, तर मत तुमचं होतं, साहेब, आणि उत्तरही तुमचंच.

‘न्यायनिवाड्यावर लोकांचा दबाव कशाला?’

हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे. महाभियोगाच्या वेळी खासदार निम्मा न्यायाधीश असतो. पुरावा बघून त्यानं ठरवायचं आहे. मतदारसंघातले लोक काय म्हणतील याकडे बघून तो मत देऊ लागला, तर एखाद्या समाजाला न रुचलेला निकाल देणाऱ्या चांगल्या न्यायाधीशाचाही बळी जाईल. सरकारच्या किंवा गर्दीच्या मनासारखं न वागणाऱ्या न्यायाधीशाला संरक्षण मिळावं म्हणूनच ही वाट इतकी बिकट केली आहे.

मला हे मान्य आहे. पण न्यायाधीशही कारणं लिहितो. निकालपत्र नसलेला निकाल आपण कुठल्याही न्यायालयाकडून चालवून घेणार नाही. खासदार त्या दिवशी न्यायाच्या आसनावर बसला असेल, तर त्याच्याकडून कारणांची अपेक्षा वाढते, कमी होत नाही. ‘तुम्ही काढायच्याच बाजूने मत द्या’ हा दबाव झाला. ‘तुम्ही जे केलंत त्याचं कारण सांगा’ हा मतदाराचा साधा हक्क आहे.

रामस्वामींच्या ठरावाला विरोध करणारा एखादा खासदार उभा राहून म्हणाला असता की समितीनं अमुक साक्ष चुकीची वाचली, म्हणून मी लाल बटण दाबतो, तर त्याचं म्हणणं पटो न पटो, मी त्याला मान दिला असता. राज्यसभेत १८ ऑगस्ट २०११ ला कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धच्या ठरावावर तसं झालं. सीताराम येचुरींनी मांडलेल्या त्या ठरावाच्या बाजूने १८९ मतं पडली, पण बहुजन समाज पक्षानं उघड विरोध केला, सतीशचंद्र मिश्रा यांनी त्याची कारणं सभागृहात सविस्तर मांडली आणि त्यांच्या खासदारांनी विरोधात मत दिलं. ती कारणं आजही वाचता येतात, खोडता येतात. लोकसभेत ठराव यायच्या आधीच सेन यांनी १ सप्टेंबरला राजीनामा दिला, त्यामुळे लोकसभेच्या खासदारांवर मत द्यायची वेळच आली नाही.

तटस्थ राहण्यालाही रास्त कारण असू शकतं. एखादा खासदार पूर्वी त्या न्यायाधीशाचा वकील असेल, नातेवाईक असेल, तर त्यानं बाजूला राहिलेलंच बरं. मात्र तसं त्यानं सभागृहात उठून सांगायला हवं.

एक कायदेशीर मुद्दाही सांगतो. सभागृहात दिलेल्या मताबद्दल खासदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, हे संरक्षण त्याला कलम १०५ देतं. लाच घेऊन दिलेल्या मताला हे संरक्षण मिळतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. जुलै १९९३ मध्ये, म्हणजे रामस्वामी प्रकरणानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, त्याच लोकसभेत नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव १४ मतांनी पडला आणि त्यातून लाचखोरीचा खटला उभा राहिला. १९९८ च्या निकालानं लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना त्या कलमाचा आडोसा दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सीता सोरेन प्रकरणात तो काढून घेतला. प्रामाणिकपणे दिलेल्या मताला न्यायालयापासून संरक्षण आहे ते योग्यच आहे. मतदारानं विचारलेल्या प्रश्नापासून संरक्षण देणारं कलम घटनेत कुठेही नाही.

जाब म्हणजे सूड का?

अमेरिकेचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, आणि सावधही करतं. तिथे राष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवायला प्रतिनिधीगृहात साधं बहुमत पुरतं, मग सिनेटमध्ये खटला चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. १३ जानेवारी २०२१ ला प्रतिनिधीगृहानं डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २३२ विरुद्ध १९७ मतांनी आरोप ठेवला. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या दहा जणांनी त्या बाजूने मत दिलं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, निवडणूक होती. दहापैकी चौघे उभेच राहिले नाहीत. चौघे उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत हरले, त्यांत वायोमिंगच्या लिझ चेनी सुमारे ३७ टक्क्यांच्या फरकानं. दोघेच पुन्हा निवडून आले.

मतदारांनी मताचा हिशेब मागितला, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की प्राथमिक फेरीत प्रामुख्याने पक्षाचे कट्टर समर्थक मत देतात, सगळा मतदारसंघ बोलत नाही. मिशिगनमधले पीटर मायर अशा फेरीत बाद झाले आणि सार्वत्रिक निवडणुकीत त्यांची जागा विरोधी पक्षाकडे गेली. उलट अलास्कात सगळ्या पक्षांच्या मतदारांना एकत्र मत देता येतं आणि पसंतीक्रम लावता येतो. सिनेटमध्ये ट्रम्पना दोषी ठरवणाऱ्या लिसा मर्कोव्स्की तिथे २०२२ मध्ये पुन्हा जिंकल्या. एकच मत, पण हिशेब कोण मागतो त्यावर उत्तर बदललं.

त्या दहा जणांचं मोल मला वेगळ्या कारणानं वाटतं. त्यांनी नावानिशी मत दिलं, कारणं सांगितली आणि किंमत मोजली. मतदारांनी त्यांना पाडलं तरी ती प्रक्रिया उघड्यावर झाली.

अमेरिकेतही पिवळ्या बटणाचे भाऊबंद आहेत. बेळगावात वाढलेले आणि आता डेट्रॉइटच्या बाजूनं निवडून गेलेले श्री ठाणेदार यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर सात आरोपांचा प्रस्ताव मांडला. मे महिन्यात त्यांनी सभागृहाला मतदान करायला लावायची तयारी केली, तेव्हा त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून विरोध झाला आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. जूनमध्ये ॲल ग्रीन यांनी दुसरा प्रस्ताव आणला, तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला. हे मत महाभियोगावर नव्हतं, प्रस्ताव बाजूला ठेवावा का यावर होतं. ज्याला ‘हो’ही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही म्हणायचं नाही, त्याला असं कामकाजाचं मत फार सोयीचं पडतं. डिसेंबरमध्ये ग्रीन यांनी पुन्हा तसा प्रस्ताव आणला तेव्हा ४७ जणांनी ‘हजर’ एवढीच नोंद केली.

मग मत गुप्तच ठेवलं तर?

काही जाणकार सुचवतात की मतदान गुप्त करा, म्हणजे पक्षाची भीती जाईल आणि खासदार मोकळेपणानं मत देईल. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षावरच्या महाभियोगाचं मतदान गुप्तच होतं. काय झालं बघा.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांनी लष्करी कायदा पुकारला. ७ डिसेंबरला महाभियोगाचा ठराव आला. ३०० जणांच्या सभागृहात २०० मतं हवी होती आणि विरोधकांकडे १९२ होती. सत्ताधारी पक्षाला भीती वाटली की गुप्त मतदानात आपले काही लोक फुटतील. यावर पक्षानं उपाय काढला तो साधा होता: मतदानालाच थांबायचं नाही. जवळजवळ सगळे उठून बाहेर गेले. आत राहिलेल्याचं मत गुप्त राहिलं असतं, पण तो आत राहिला हे सगळ्यांना दिसणार होतं. गुप्ततेचा उपयोग संपला.

विरोधी पक्षाचे सभागृहनेते पार्क चान-दे यांनी मग व्यासपीठावरून बाहेर गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारली. त्यांचे सहकारी प्रत्येक नाव पाठोपाठ मोठ्यानं उच्चारत होते. बाहेर थंडीत लाखो लोक उभे होते. सत्ताधाऱ्यांतले तिघेच मतदानात सामील झाले. १९५ मतं पडली आणि संख्या अपुरी म्हणून पेट्या न मोजताच ठराव निकालात निघाला.

पुढचा आठवडाभर मतदारांनी आपापल्या खासदारांना प्रश्न विचारून हैराण केलं. १४ डिसेंबरला तीनशेच्या तीनशे हजर होते आणि बाजूने २०४ मतं पडली. सत्ताधाऱ्यांतले निदान बारा जण फुटले, हे वजाबाकीनं कळतं. ते सगळे कोण, हे मतपत्रिकांवरून कधीच कळणार नाही. मला यातून दिसतं ते असं: गुप्ततेनं धाडस आलं नाही. मतदारांनी तुमचं नाव घेऊन, तुमच्या गैरहजेरीबद्दल, निवडणुकीची वाट न पाहता आठवड्याच्या आत विचारलं, त्यानं आलं.

‘एवढ्या एका मतावरून खासदार जोखायचा?’

नाही. पाच वर्षांत त्यानं रेल्वे थांबा आणला, पाण्याची योजना मार्गी लावली, हे सगळं जमेस धरावंच. पण इतर बहुतेक गोष्टींत त्याचा वाटा किती आणि सरकारचा किती, हे वेगळं काढता येत नाही. महाभियोगाच्या मतात वेगळं काढण्यासारखं काही नसतं. तिथे तो एकटा, समोर अहवाल आणि तीन बटणं.

खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय आपल्याकडे नाही, म्हणून विचारणं हाच मार्ग आहे, आणि ते मतदानाच्या आधी विचारलेलं बरं. समितीचा अहवाल सभागृहात मांडला जातो आणि मतदान होतं, या दोन्हींच्या मध्ये काही दिवस असतात. तेव्हा पत्र जावं. खासदाराचा पत्ता आणि ईमेल संसदेच्या संकेतस्थळावर असतो. ‘ठरावाच्या बाजूने मत द्या’ असं त्यात लिहू नये. चौकशी समितीचा अहवाल आपण वाचला आहे का, मतदानाच्या दिवशी सभागृहात हजर राहणार का, आणि आपल्या मताचं कारण मतदारसंघाला लेखी कळवणार का, एवढं विचारावं. गावातल्या दहा-वीस जणांनी सह्या करून तेच पत्र स्थानिक वर्तमानपत्राला दिलं की उत्तर टाळणं अवघड होतं.

मतदान झाल्यावर त्या तारखेचा कामकाजाचा वृत्तांत उघडावा. शेवटी बाजूचे, विरोधातले आणि तटस्थ यांच्या नावांच्या याद्या असतात. आधी तिन्हींत नाव शोधावं आणि कुठेच सापडलं नाही तर पहिला प्रश्न गैरहजेरीचा असावा. यंत्राची गडबड झाली म्हणून नंतर दुरुस्त केलेली मतं तळटीपेत दिलेली असतात, ती न पाहता कुणावर ठपका ठेवू नये.

राज्यसभेचं थोडं वेगळं आहे. महाराष्ट्राचे तिथले १९ आणि गोव्याचा एक सदस्य आपण थेट निवडत नाही, आमदार निवडतात. २००३ पासून ते मतदान खुलं आहे. पक्षाच्या प्रत्येक आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, म्हणजे कुठल्या आमदारानं कुणाला पाठवलं हे पक्षाला तरी माहीत असतं. त्यामुळे राज्यसभेतल्या मताबद्दलचं पत्र आपल्या आमदाराच्या नावानं लिहावं आणि त्याची प्रत त्या खासदाराला पाठवावी.